सोमवारचा दम : गिरणगावातून तारकर्लीला आलेला एक आजार

माझे वडील सोमवारचा उपास करत. तारकर्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. आमच्या भागात सोमवार म्हणजे महादेवाचा वार, आणि निम्मं गाव तो पाळतं. पण ते फारसे देवभक्त नव्हते. देवळात जायचे ते जत्रेला आणि शिमग्याला. मी थोडा मोठा झाल्यावर एकदा विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "गिरणीत सोमवारी माका जेवण जायत नाय, मगे उपासच बरो."

हे वाक्य मी वीसेक वर्षं विसरलो होतो. ते परत आठवायला एक झेरॉक्सचं मशीन कारणीभूत झालं.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शिक्षण बारावी, आणि मालवणात झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान. मुंबईतल्या गिरणी कामगारांना घरं मिळणार, म्हणून म्हाडाने अर्ज मागवले तेव्हा माझ्या दुकानासमोर रांगा लागल्या. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या हजेरीपटावर होता त्याला, तो नसेल तर त्याच्या वारसाला, अर्ज करता येत होता. तारकर्ली, देवबाग, वायरी, काळसे, कुणकेश्वरपर्यंतची माणसं प्लास्टिकच्या पिशव्यांतून कागद घेऊन यायची. तिकीट नंबरचा बिल्ला, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, राज्य विम्याचं कार्ड, सेवेचा दाखला. कागद काचेवर पालथे घालताना नजर जायचीच. काही दाखल्यांवर खात्याचं नाव असे : साचा खातं, रिंग खातं, कार्ड खातं, ब्लो रूम. अर्ज घेऊन येणाऱ्यांत बायका पुष्कळ. मालक कधी गेले असं विचारलं की साल सांगायच्या, आणि कशाने असं विचारलं की एकच शब्द : दमो.

माझे वडीलही कार्ड खात्यातले. १९५५ साली मालवण बंदरातून बोटीने मुंबईला गेले, सत्तावीस वर्षं एका गिरणीत राबले, संपानंतर दोन वर्षं वाट पाहून गावी परतले आणि १९९७ साली पडवीत, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या गेले. आडवं झालं की त्यांना दम लागायचा. दाखल्यावर लिहिलं गेलं : दमा. त्या एका शब्दाबद्दल मला शंका येऊ लागली, आणि पुढची काही वर्षं त्या शंकेच्या मागे गेली.

नाव कसं पडलं

दमा हा जुना आजार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार दिलेले आहेत : महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. ज्याला आपण साधारणपणे दमा म्हणतो तो तमक श्वास. त्याच्या वर्णनात रोग्याला निजल्यावर त्रास वाढतो आणि बसल्यावर बरं वाटतं, हे नोंदलेलं आहे. श्वासाच्या कारणांमध्ये धूळ, धूर, वारा, थंड जागा आणि थंड पाणी येतं. म्हणजे धुळीने दम लागतो हे कळायला आपल्याला कुणा गोऱ्या डॉक्टरची गरज नव्हती. पण कोणत्या कामाची धूळ, किती दिवसांची, आणि त्याला जबाबदार कोण, हे प्रश्न वेगळे आहेत. ते कारखान्यांबरोबर आले.

इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. ताग आणि जवसाचं सूत पिंजणाऱ्यांना खोकला आणि दम लागतो, हे त्याने त्यात लिहून ठेवलं. मँचेस्टरजवळ कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर १८३१ साली जेम्स फिलिप्स के या डॉक्टरने सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीच्या विकाराचं वर्णन केलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरला हिंदुस्थानातला, सुरतेचा म्हणून ओळखला जाणारा कापूस वापरावा लागला, तेव्हा तिथले कामगार त्याच्या कचऱ्याने आणि धुळीने हैराण झाले. जेसी लीच या डॉक्टरने १८६३ साली लॅन्सेटमध्ये खास सुरती कापसाच्या त्रासावर लिहिलं. १८७७ साली आद्रियां प्रूस्त या फ्रेंच वैद्याने या विकाराला 'बिसिनोसिस' हे नाव दिलं. बिसोस म्हणजे तलम वस्त्र. हा प्रूस्त पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या मार्सेल प्रूस्तचा बाप. आणि तो मुलगा स्वतः जन्मभर दम्याने पछाडलेला होता, हा योगायोग मला चटका लावून गेला.

या आजाराची खूण साधी आणि विलक्षण आहे. आठवड्याची सुट्टी संपवून कामगार पहिल्या दिवशी खात्यात शिरतो, आणि काही तासांत छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. सुट्टी होते आणि पुन्हा पहिल्या दिवशी तेच. रिचर्ड शिलिंग या इंग्रज संशोधकाने १९५०च्या दशकात याच्या पायऱ्या ठरवल्या. आधी कधीतरी एखाद्या सोमवारी त्रास, मग दर सोमवारी, मग सोमवारी आणि इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा दम. कापसाच्या बोंडाजवळची सुकी पानं धुळीत भरडली जातात. त्यांच्यावर वाढणाऱ्या जिवाणूंमधला एंडोटॉक्सिन नावाचा विषारी अंश हे यामागचं मुख्य कारण मानलं जातं. आठवडाभर शरीर त्याला कसंबसं सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो, आणि सोमवारी शरीर नव्याने दचकतं.

हे वाचलं त्या रात्री मला वडिलांचा उपास आठवला.

रत्नागिरीची माणसं

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ साली ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव या पट्ट्यात गिरणगाव उभं राहिलं. त्याला माणसं पुरवली ती मुख्यतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने. तेव्हा मालवण तालुका त्याच जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

तारकर्लीसारख्या गावाकडे पाहिलं की हे का झालं ते कळतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे वाळूची पट्टी. माड होतात, थोडं भात होतं, रापणीला मासळी लागली तर लागली. घरात चार मुलगे असतील तर दोघांनी मुंबई धरायची हे ठरलेलं. बोटीने जायचं, गावकरी मंडळाच्या खोलीत उतरायचं, गाववाल्या जॉबरच्या ओळखीने बदली म्हणून लागायचं. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे. जेवण खानावळीत. बायको-मुलं गावी.

गिरणीत कोण कुठल्या खात्यात जाई यामागेही इतिहास आहे. साचा खातं, म्हणजे विणकाम, हे जास्त पगाराचं. तिथे दलित कामगारांना शिरू दिलं जात नसे. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. १९२८-२९च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला होता. बिसिनोसिसच्या अंगाने या इतिहासाकडे पाहिलं की दुसरी गोष्ट दिसते. सर्वांत जास्त धूळ विणकामात नसते. ती कापसाच्या गाठी फोडून झोडणाऱ्या ब्लो रूममध्ये आणि तारांच्या दातांनी कापूस पिंजून पेळू काढणाऱ्या कार्ड खात्यात असते. तिथला पगार कमी. म्हणजे पगाराची उतरंड आणि धुळीची उतरंड एकमेकींच्या उलट होत्या. ज्याला वरच्या पगाराचं दार बंद, त्याच्या वाट्याला धूळ जास्त.

वडिलांचं काम कार्डाच्या दातांत अडकलेला कापूस आणि कचरा काढून दात साफ करण्याचं. तोंडाला पंचा बांधायचा, पाळी संपल्यावर गूळ खायचा. गुळाने धूळ उतरते असा सगळ्यांचा समज. कपडे झटकले तरी भुवयांवर पांढरं राहायचं, असं ते सांगत.

रविवार कुणी दिला

सोमवारचा त्रास ओळखू यायचा असेल तर आधी रविवार हवा. मुंबईच्या गिरण्यांत तो आपोआप नव्हता. सुरुवातीच्या काळात महिन्यातून एखाददुसरी सुट्टी मिळे, तीही सणावारी किंवा यंत्रं साफ करायच्या निमित्ताने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवलं. त्यातली पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. मालकांनी दाद द्यायला सहा वर्षं घेतली. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९०ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंड्यांनी ही सुट्टी विश्रांतीसाठी, घरासाठी, समाजाच्या कामासाठी मागितली होती. पण तिने नकळत आणखी एक गोष्ट केली, असं मला वाटतं. सुट्ट्या विस्कळीत होत्या तोवर छाती आवळण्याचे दिवसही विस्कळीत होते. कुणी त्यात सूत्र शोधणं अवघड होतं. रविवार ठरल्यावर हजारो माणसांचा त्रास एकाच दिवशी, एकाच सुमाराला येऊ लागला. आजाराने स्वतःचं वेळापत्रक दाखवायला सुरुवात केली.

ते पाहणारं कुणी नव्हतं. सोमवारी कामगार गळपटलेला दिसला किंवा आलाच नाही, तर त्याने रविवारी दारू प्यायली असेल, हे उत्तर तयार असे. इंग्लंडातही सोमवारच्या गैरहजेरीला 'सेंट मंडे', म्हणजे आळशांच्या संताचा वार, म्हणून हिणवायची जुनी रीत होती. दुखणं सोमवारी येतं हे कामगारांना मात्र पक्कं ठाऊक होतं. देवबागच्या एका म्हाताऱ्या कामगाराने मला सांगितलं, "आयतवारी छाती मोकळी, सोमवारी परत कुलूप. गुरुवारपर्यंत जरा उघडता." शिलिंगच्या पायऱ्यांचं इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. हा माणूस सातवीपर्यंतही शिकलेला नव्हता.

डॉक्टरांना तो का दिसला नाही

ब्रिटनने १९४१ साली बिसिनोसिसला नुकसानभरपाई सुरू केली, तीही सुरुवातीला वीस वर्षं त्या कामात घालवलेल्यांनाच. आपल्याकडे मात्र स्वातंत्र्यानंतरही बराच काळ असा समज राहिला की हा थंड देशांतला रोग आहे. इथे खिडक्या उघड्या, हवा उष्ण, तेव्हा इथे तो नाही किंवा नावापुरताच. अहमदाबादेत १९६६ साली व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली आणि तिथल्या गिरण्यांचा अभ्यास सुरू झाला. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापड कामगारांच्या श्वसनविकारांचा पाठपुरावा केला. १९७६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बिसिनोसिस कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आला. पुढे नुकसानभरपाईच्या आणि राज्य विम्याच्या कायद्यांच्या परिशिष्टांतही त्याला जागा मिळाली. १९९५ साली डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे आदींचा मुंबईतल्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवरचा निबंध नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात आला. म्हणजे पहिल्या गिरणीनंतर १३९ वर्षांनी, आणि बहुतेक गिरण्या मरणपंथाला लागल्यावर.

इतका उशीर का, याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण आजाराच्या स्वभावात आहे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस क्षकिरणांच्या फोटोत दिसतो. बिसिनोसिसची फोटोत अशी खास खूण नसते. तो सिद्ध होतो दोनच गोष्टींनी : सोमवारी पाळीच्या आधी आणि नंतर फुंकण्याची ताकद मोजून, आणि कामगाराला विचारून. डॉक्टर रोग्याकडून जी हकीकत घेतात तिला ते 'हिस्ट्री' म्हणतात. हा आजार मुख्यतः हिस्ट्रीत राहतो. ज्याची हकीकत कुणी घेत नाही त्याला हा आजार कागदावर होत नाही.

दुसरं कारण क्षय आणि विडी. गिरणगावातल्या कोंदट खोल्यांत क्षय खरोखरच होता. खोकणारा कामगार आला की आधी तीच शंका, आणि ती निघाली नाही तर विडीवर बोट. वडील विडी ओढत, हे मी लपवत नाही. विडीने छाती बिघडते आणि कापसाच्या धुळीबरोबर ती अधिक बिघडते. पण विडी सोमवार पाहून त्रास देत नाही. शिलिंगच्या पायऱ्यांचा उपयोगच त्या दोन्हींत फरक करण्यासाठी आहे.

तिसरं कारण आमच्या गावात आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गिरणीत तपासणी करणारा डॉक्टर कुणाला तपासतो? जो यंत्रापाशी उभा आहे त्याला. ज्याला उभं राहवत नाही तो तिथे नसतो. जगभरच्या संशोधकांना हा घोळ ठाऊक आहे. कामावरची माणसं नेहमी सरासरीपेक्षा धडधाकट दिसतात, कारण आजारी माणसं आधीच गळालेली असतात. मुंबईत ही गळती फार मोठी होती आणि तिला ठरलेली वाट होती. दम लागायला लागला की कामगार राजीनामा देई, मुलाला किंवा पुतण्याला आपल्या जागी बदली म्हणून लावी, आणि गावची बोट पकडी. गाव ही त्याची पेन्शन होती, इस्पितळही तेच. मुंबईच्या गिरण्यांचे आजारी फेफडे मुंबईत नव्हतेच. ते पाचशे किलोमीटर दक्षिणेला, माडांखालच्या पडव्यांत होते.

आणि गावात आल्यावर शेवटचा घोटाळा होई. गिरणी नाही म्हणजे सोमवारही नाही. आजार शेवटच्या पायरीवर पोहोचलेला, रोजच दम. ज्या खुणेने तो ओळखायचा ती खूण गिरणीच्या दारात राहिलेली. मालवणच्या डॉक्टरसमोर जो माणूस बसे तो नुसता दमेकरी. डॉक्टरने दमा लिहिलं यात त्याची चूक नव्हती.

अमेरिकेत नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनातल्या निवृत्त कापड कामगारांनी १९७५ साली 'ब्राउन लंग असोसिएशन' काढली. दम लागलेली म्हातारी माणसं सुनावण्यांना येऊन बसली, बोलली. १९७८ साली तिथे कापसाच्या धुळीचं प्रमाण ठरवणारा नियम झाला. ते लोक गिरणीच्याच गावांत राहत होते, म्हणून एकत्र येऊ शकले. आमचे कामगार वाडीवाडीत विखुरले. ज्या वाटेने त्यांना आसरा मिळाला त्याच वाटेने ते नजरेआड झाले.

गावातले उपचार, आणि आईची धाप

परसात अडुळसा होता. त्याच्या पानांचा रस मधातून. आज दुकानात मिळणारं ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध अडुळशातल्या वासिसीन या द्रव्यावरूनच घडवलं गेलं आहे. त्याहून जुना आणि धोक्याचा उपाय धोतऱ्याचा. वाळलेली पानं चिलमीत घालून ओढायची. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यामार्फत इंग्लंडला गेली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात दम्यासाठी धोतऱ्याच्या विड्या विकल्या जात होत्या. धोतरा विषारी, मात्रा चुकली तर माणूस भ्रमिष्ट होतो, मरतोही. आमच्या शेजारच्या एका आजोबांना तो करताना मी पाहिलंय. वडिलांना आईने कधी करू दिला नाही. त्यांचा भर डेरिफायलिनच्या गोळ्यांवर. अखेरच्या वर्षांत पंप आला, पण चार लोकांत तोंडाला पंप लावायची त्यांना लाज वाटे. माडीच्या मागे जाऊन घ्यायचे.

इथे मला माझ्याच घरातली एक गोष्ट कबूल करायला हवी. वडिलांच्या आजाराचा शोध घेताना मी गिरणीचे अहवाल वाचले, कायदे वाचले, लोकांच्या मुलाखती घेतल्या. आईला मी काहीच विचारलं नाही. ती मुंबईला कधी राहिलीच नव्हती. तिचं आयुष्य गेलं स्वयंपाकघरात, ओल्या चुडतांवर, सोडणांवर आणि लाकडांवर पेटणाऱ्या चुलीपुढे. साठीनंतर तिलाही विहिरीवरून कळशी आणताना दोनदा थांबावं लागे. कधी विचारलंच तर म्हणे, "माझो कसलो दमो? चुलीकडे बसलंय काय धाप लागताच." दमा हा पुरुषाचा, कमावून आणलेला आजार, बाईची ती नुसती धाप.

दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी १९५०च्या दशकात हृदयाची उजवी बाजू निकामी होणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत हा विकार त्यांना आढळला आणि त्यांनी त्याचा संबंध स्वयंपाकघरातल्या धुराशी लावला. २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी लॅन्सेटमध्ये, कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या फुप्फुसविकाराकडे जगाचं लक्ष वेधलं. त्यात लाकूड आणि गोवऱ्यांचा धूर हे एक प्रमुख कारण. हे वाचलं तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

म्हणजे एकाच घरात दोन दम होते. एकाला निदान गिरणीचं नाव होतं, बिल्ला होता, कायद्याच्या परिशिष्टात ओळ होती. दुसऱ्याला तेही नाही. चुलीचा मालक कोण, आणि दावा कुणावर लावायचा?

कागद काय सांगतात

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील नेहमी म्हणायचे की संपाच्या पहिल्या चार-सहा महिन्यांत त्यांना जितकं मोकळं वाटलं तितकं त्याआधी अनेक वर्षांत वाटलं नव्हतं. हे ते हसत सांगत, आणि आई वैतागे. घरात पैसा नाही आणि ह्यांना बरं वाटतंय. आज मी त्या वाक्याकडे पुरावा म्हणून पाहतो. पुढे मात्र तो मोकळेपणा राहिला नाही. फुप्फुसांचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वडिलांच्या वतीने भरपाईचा दावा करता आला असता का? तत्त्वतः हो. त्यासाठी धुळीच्या खात्यात इतकी वर्षं काम केलं हे दाखवावं लागलं असतं. त्यांच्या दाखल्यावर गिरणीने फक्त 'कामगार' लिहिलं होतं. खात्याचं नाव नाही. मी दोनदा गिरणीच्या कचेरीत पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि मग कचेरीच राहिली नाही. बिल्ल्यावर नंबर आहे, पण नंबराला छाती नसते.

घरांच्या अर्जांसाठी शासनाने दीड लाखाच्या आसपास माणसांचे कागद गोळा केले. २८ जून २०१२ला ६,९२५ घरांची सोडत निघाली. गिरणी कामगारांच्या इतिहासात इतक्या माणसांची अशी नोंद पूर्वी कधी झाली नसेल. नाव, गिरणी, तिकीट नंबर, वारस, पत्ता, सगळं विचारलं गेलं. त्या अर्जात दोनच रकाने जास्त असते, खातं कोणतं आणि मृत्यूचं कारण काय, तर गिरणगावाच्या छातीचा नकाशा एका वर्षात तयार झाला असता.

तो आता पूर्ण होणार नाही. त्या पिढीतले थोडेच उरलेत. जे आहेत त्यांच्याकडे मी परवानगी घेऊन जातो, वहीत चार गोष्टी लिहून घेतो : खातं, किती वर्षं, रविवारी कसं वाटायचं, सोमवारी कसं. प्रत्येक वाडीत एखाद्या शिक्षकाने, ग्रंथपालाने, ग्रामपंचायतीच्या लिपिकाने हे केलं तरी बरंच हाती लागेल. आणि लिहून घेताना घरातल्या बाईलाही विचारावं, चुलीपुढे किती वर्षं. हा प्रश्न मी आता विसरत नाही.

आज तारकर्ली पर्यटनासाठी ओळखली जाते. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाण्याखाली डुबकी मारायला शिकवतात. पाठीवर हवेची टाकी बांधायची, आणि पहिला धडा असा की श्वास रोखायचा नाही, सावकाश घेत राहायचा. पाण्यात उतरण्याआधी एक अर्ज भरून घेतात. अर्जाची प्रत काढायला पोरं कधी कधी माझ्याकडे येतात. त्यात एक प्रश्न असतो : तुम्हाला दमा आहे का, किंवा कधी होता का?

अर्ध्या तासाच्या मौजेसाठी आलेल्या पाहुण्याला हे विचारतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या वडिलांना सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि बहुधा वारासकट दिलं असतं.